विभक्तीचा तक्ता आणि धानोऱ्याची मुले

गडचिरोलीच्या बसस्थानकावर गाडीच्या पाटीवर ‘धानोरा’ असे लिहिलेले असते. पण त्या गाडीत बसणारा माणूस ‘धानोराला’ जात नाही, ‘धानोऱ्याला’ जातो आणि परत येतो तो ‘धानोऱ्याहून’. उलट चंद्रपूरला जाणारा ‘चंद्रपूरला’च जातो आणि गडचिरोलीला जाणारा ‘गडचिरोलीला’. एका गावाच्या नावात प्रत्यय लागण्यापूर्वी बदल होतो, दुसऱ्या दोन गावांच्या नावांत होत नाही. मराठी घरातल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला हे कोणी शिकवलेले नसते, तरी ते बहुधा चुकत नाही. पुढे आपण त्याला ‘सामान्यरूप’ असे नाव देतो, तक्ता फळ्यावर लिहितो, आणि जे मूल खेळताना बिनचूक बोलत होते ते परीक्षेत चुकू लागते!

असे का व्हावे? दोष मुलाचा नाही आणि बहुतेक वेळा शिक्षकाचाही नाही. आपल्या हातातल्या व्याकरणपुस्तकांत ‘विभक्ती’, ‘लिंग’ आणि ‘शब्दसिद्धी’ ही जी प्रकरणे असतात त्यांची रचनाच सदोष आहे, असे माझे मत अनेक वर्षे वह्या तपासून झाले आहे. या लेखात त्या प्रकरणांचे परीक्षण करायचे आहे. एखादे ठरावीक पुस्तक समोर धरलेले नाही, कारण ही प्रकरणे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जवळजवळ जशीच्या तशी जातात. शालेय पुस्तके, मार्गदर्शके, स्पर्धा परीक्षांची पुस्तके, सगळीकडे तोच तक्ता आणि त्याच याद्या. परीक्षणाची जागा मात्र ठरावीक आहे, आणि ती म्हणजे धानोरा तालुक्यातला वर्ग. एकाच बाकावर घरी गोंडी बोलणारे मूल आणि झाडीबोली बोलणारे मूल बसलेले असते. मुरुमगावच्या बाजूला छत्तीसगढीही कानावर पडते. व्याकरणाचा नियम खरा आहे की नुसता पाठ करण्यापुरता आहे, हे पाहण्यासाठी याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही.

सुरुवात एका चुकीपासून करू. सहावीच्या निबंधात एका मुलाने लिहिले होते : ‘पाऊस आला. बैल घरी आली.’ मी ‘आली’खाली लाल रेघ मारली आणि अर्धा गुण कापला. पुढच्या पानावर ‘दगड पडली’ होते, तिथेही रेघ मारली. पण ‘बाबा आला’, ‘आई आली’, ‘मुलगा गेला’ हे सगळे बरोबर होते. चुका होत्या त्या बैल, दगड, डोंगर, कोंबडा या शब्दांशीच. मुलगा निष्काळजी असता तर चुका विखुरलेल्या असत्या. इथे त्या एका रेषेवर होत्या आणि त्या रेषेच्या मागे नियम होता. तो नियम मला माहीत नव्हता, एवढेच.

तो नियम गोंडीचा आहे. (गोंडीची रूपे गावागणिक थोडी बदलतात. इथे दिलेली रूपे बहुतेक व्याकरणग्रंथांतली आहेत. तुमच्या वर्गातल्या मुलांनी वेगळे रूप सांगितले तर मुलांचे बरोबर धरावे.) गोंडीत ‘तो आला’ हे ‘वातोर’ आणि ‘ती आली’ हे ‘वाता’. पण ‘बैल आला’, ‘पाऊस आला’, ‘दगड आला’ यांनाही ‘वाता’च. म्हणजे नामांचे वर्ग दोन : एकात पुरुष माणसे, दुसऱ्यात बाकीचे सगळे जग, स्त्रिया, प्राणी, झाडे, दगड सुद्धा. अनेकवचनातही हीच विभागणी राहते. ते पुरुष आले तर ‘वातोर्क’, त्या बाया किंवा ते बैल आले तर ‘वातांग’. संख्या मोजतानाही तेच. एक पुरुष ‘वरोर’, बाकी कोणतीही एक वस्तू ‘उंदी’. याच जिल्ह्याच्या दक्षिणेला, सिरोंच्याकडे जी तेलुगू बोलली जाते तिच्यातही एकवचनात असेच आहे. ‘तो आला’ला ‘वच्चाडु’, ‘ती आली’ आणि ‘ते आले’ या दोहोंना ‘वच्चिंदि’. मात्र अनेकवचनात तेलुगू स्त्रियांना माणसांत परत घेते, गोंडी घेत नाही. द्राविड कुळातल्या या दोन बहिणींमधला हा फरक भाषाशास्त्रज्ञांना फार महत्त्वाचा वाटतो.

आता त्या मुलाच्या जागी बसून पाहा. त्याच्या ‘वाता’चे मराठीत तीन तुकडे होतात : आला, आली, आले. ‘आई’साठी ‘आली’ वापरायचे हे त्याने ऐकून ठरवले. मग आईच्याच वर्गातला बैल, दगड आणि डोंगर यांनाही त्याने ‘आली’ लावले. विज्ञानाच्या तासाला आपण याला ‘निरीक्षणावरून नियम काढणे’ म्हणतो आणि त्याबद्दल मुलाची पाठ थोपटतो. भाषेच्या तासाला अर्धा गुण कापतो.

बरे, पुस्तक त्याला काय मदत करते? पुस्तक सांगते : नामावरून पुरुषजातीचा बोध झाला तर पुल्लिंग, स्त्रीजातीचा झाला तर स्त्रीलिंग, दोहोंपैकी कशाचाच न झाला तर नपुंसकलिंग. ही व्याख्या प्रामाणिकपणे पाळली तर दगड, डोंगर, भिंत, नदी, पुस्तक हे सगळे नपुंसकलिंगी ठरतात. व्याख्येखालीच ‘तो दगड’, ‘ती भिंत’ अशी उदाहरणे दिलेली असतात आणि ती व्याख्येला धरून नाहीत हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण मराठी घरातल्या मुलाने व्याख्या वाचलेलीच नसते. तो कानाने ठरवतो. व्याख्येवर विसंबून राहतो तो गोंडी बोलणारा मुलगा, आणि फसतोही तोच. खरे सांगायचे तर मराठीतले लिंग हा मुख्यतः जुळणीचा प्रश्न आहे. शब्दाबरोबर ‘तो’ येतो की ‘ती’ की ‘ते’, एवढेच त्याचे लक्षण. शब्द शिकवतानाच ‘तो दगड’, ‘ती भिंत’, ‘ते झाड’ असा जोडीने शिकवला तर व्याख्येची गरजच राहत नाही.

आता विभक्तीच्या तक्त्याकडे वळू. सर्वांना पाठ असलेला तो तक्ता : प्रथमेला प्रत्यय नाही, द्वितीया स, ला, ते, तृतीया ने, ए, शी, चतुर्थी पुन्हा स, ला, ते, पंचमी ऊन, हून, षष्ठी चा, ची, चे, सप्तमी त, ई, आ, आणि संबोधन. यात पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे द्वितीया आणि चतुर्थी या दोन ओळी सारख्याच आहेत. एकच प्रत्यय दोन ओळींत का? मराठीत दोन वेगळी रूपे आहेत म्हणून नव्हे. संस्कृतात ‘रामम्’ आणि ‘रामाय’ अशी दोन रूपे होती म्हणून. घर बदलले, पण जुन्या घराचा नकाशा भिंतीवर लावून ठेवला, असा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तक्त्यातला ‘ते’ आज कोण वापरतो? जुन्या काव्यात ‘देवातें’ सारखी रूपे आहेत, पण बाजारात, शेतात, शाळेत, वर्तमानपत्रात, कुठेही नाहीत. ‘स’ निदान अर्जाच्या मायन्यात तरी भेटतो. उलट झाडीपट्टीपासून नागपूर-वऱ्हाडापर्यंत लाखो लोक रोज ‘मले’, ‘तुले’, ‘त्याले’ म्हणतात. हा ‘ले’ तक्त्यात नाही! शेकडो वर्षांपूर्वीचा ‘ते’ शुद्ध आणि काल संध्याकाळी आईने वापरलेला ‘ले’ अशुद्ध. प्रमाण भाषेत ‘मला’ लिहावे हे मान्य आहे, मी स्वतः तेच शिकवतो. पण ‘ले’ हा त्याच जागेवर, त्याच कामासाठी येणारा प्रत्यय आहे, एवढे तळटीपेत सांगायला काय हरकत होती? मुलाला ‘तुझे चुकले’ म्हणण्याऐवजी ‘तुझ्याकडे ले, पुस्तकात ला’ असे सांगता आले असते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तक्ता शब्दाची बांधणीच झाकून टाकतो. संस्कृत ‘रामेण’ घ्या. यात ‘राम’ वेगळा, एकवचन वेगळे, तृतीया वेगळी असे तुकडे पडत नाहीत. वचन आणि विभक्ती एकाच प्रत्ययात विरघळलेली असतात. त्यामुळे तिथे प्रत्येक रूप पाठ करावे लागते आणि तक्ता खरोखर उपयोगी पडतो. आता तुर्की भाषेतला ‘एव’ म्हणजे घर हा शब्द घ्या. ‘एवलेर’ घरे, ‘एवलेरदे’ घरांत, ‘एवलेरिमदे’ माझ्या घरांत. रेल्वेचे डबे जोडावेत तसे एकेका अर्थाचे तुकडे जोडलेले, सुटे करता येण्यासारखे. याच्याही पलीकडे व्हिएतनामीसारख्या भाषा आहेत. तिथे नामाला विभक्ती नाही, क्रियापद पुरुष-वचनाप्रमाणे बदलत नाही, सारे काम शब्दक्रम आणि सुटे शब्द करतात. आणि आफ्रिकेतली स्वाहिली उलट्या टोकाने चालते. तिथे वचन शब्दाच्या सुरुवातीला दिसते. ‘म्तोतो’ म्हणजे मूल, ‘वातोतो’ म्हणजे मुले.

मराठी या नकाशात कुठे बसते? ‘घोडा’ हा शब्द फळ्यावर मांडून पाहा. घोडा, मग घोड्या-, मग घोड्याला, घोड्याने, घोड्यावर, घोड्यासाठी, घोड्याकडून. अनेकवचनात घोड्यां-, मग घोड्यांना, घोड्यांवर, घोड्यांसाठी. शब्द दोन थरांत बांधला जातो. पहिल्या थरात तो पुढे काही लावून घ्यायला तयार होतो, दुसऱ्या थरात काहीतरी लागते. अनेकवचनाचे काम पहिल्याच थरात, एका अनुस्वाराने होते. ‘घरात’ आणि ‘घरांत’ यांत फरक तो एका टिंबाचा. एकदा हे दोन थर दिसले की ‘ला’, ‘ने’ हे विभक्तिप्रत्यय आणि ‘वर’, ‘साठी’, ‘कडे’ ही शब्दयोगी अव्यये असा जो मोठा भेद आपण शिकवतो तोही बराचसा नाममात्र आहे हे कळते. दोन्ही त्याच जागी, त्याच रूपाला लागतात. ‘साठी’ला विभक्तीत जागा मिळाली नाही, कारण संस्कृतच्या तक्त्यात त्याच्यासाठी ओळ नव्हती.

याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे नाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारे गाव म्हणून सर्वत्र झाले. त्या गावाची घोषणा आपल्या मुलांना माहीत असते : ‘मावा नाटे मावा राज’. आमच्या गावात आमचे राज्य. नागरिकशास्त्राच्या तासाला ती सांगितली जाते. ती व्याकरणाच्या तासाला घ्यावी अशी माझी शिफारस आहे. गोंडीत गाव म्हणजे ‘नार’. मग घोषणेत ‘नारे’ का नाही, ‘नाटे’ का? कारण प्रत्यय लागण्यापूर्वी ‘नार’चे ‘नाट-’ होते. घर म्हणजे ‘लोन’ (उत्तरेकडे ‘रोन’), पण घरी म्हणजे ‘लोते’. तिथेही ‘लोन’चे ‘लोत-’ झाले आहे. हे सामान्यरूप नाही तर काय आहे! जी गोष्ट समजावताना आपला घसा बसतो ती त्या मुलाला घरून येते. ‘गाव, गावा-, गावात’ आणि ‘नार, नाट-, नाटे’ अशा दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या की वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

घोषणेत आणखीही बरेच आहे. ‘मावा’ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याचे रूप तेच. मराठीत मात्र पहिला ‘आमच्या’ आणि दुसरा ‘आमचे’. पुढच्या नामाला ‘त’ लागला याची खबर मराठीत विशेषणापर्यंत पोचते, इथे गोंडीत ती पोचलेली नाही. ‘आमच्या गावात’ ऐवजी ‘आमचा गावात’ किंवा ‘आमचे गावात’ लिहिणारा मुलगा कोठून आला हे यावरून कळावे. दुसरे असे की हा ‘मावा’ म्हणजे ‘आमचा’, ऐकणाऱ्याला वगळून. ज्याच्याशी बोलतो आहोत त्याला धरून म्हणायचे असेल तर द्राविड भाषांत वेगळे सर्वनाम असते. मराठीतही ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे, तो हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही आणि इंग्रजीच्या ‘वुई’मध्येही नाही. मराठीत हा भेद द्राविड भाषांच्या शेजारामुळे टिकला किंवा आला असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आणि आपली पुस्तके ‘आपण’ची ओळख करून देतात ती आत्मवाचक सर्वनाम आणि आदरार्थी प्रयोग म्हणून. ‘आम्ही जातो’ आणि ‘आपण जाऊ’ यांतला, पाच वर्षांच्या मुलालाही कळणारा फरक पुस्तकात समजावून सांगितलेला क्वचितच आढळतो.

तक्त्याबद्दल एक शेवटची तक्रार करतो. सप्तमीचे ‘त, ई, आ’ स्वल्पविराम देऊन एका रांगेत उभे केले आहेत, जणू कोणताही उचलावा. पण ‘घरी’ आणि ‘घरात’ एक नव्हेत. ‘तो घरी आहे’ असे म्हटले तर तो अंगणात बाजेवर पडलेला असू शकतो. ‘घरात आहे’ म्हटले तर भिंतींच्या आत. शिवाय ‘घरी’ला दुसरा थर नाही. ‘दारी’, ‘रात्री’, ‘सकाळी’ यांच्यासारखे ते जुन्या जोडकामाचे उरलेले अवशेष आहेत. ‘शाळी’ किंवा ‘झाडी बसला’ असे नवे शब्द आता त्या साच्यातून निघत नाहीत. चालू असलेला कारखाना आणि बंद पडलेला कारखाना यांतला फरक सांगितल्याशिवाय शब्द कसे तयार होतात हे शिकवता येत नाही.

न्यायाने सांगायचे तर हे आक्षेप काही माझे शोध नाहीत. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले तेव्हापासून विभक्ती रूपावरून मानाव्यात की अर्थावरून हा वाद सुरू आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठी व्याकरणावरचे आपले निबंध ‘शालापत्रक’ या शिक्षकांसाठीच्या मासिकातून लिहिले, म्हणजे तेव्हा असा वाद शिक्षकांपुढेच घातला जात होता. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या प्रश्नाचा दीर्घ ऊहापोह आहे. (दामले हे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. एका घरात एकाने कवितेची चौकट बदलली आणि दुसऱ्याने व्याकरणाची तपासली.) अरविंद मंगरूळकरांनी १९६४ मध्ये ‘मराठीच्या व्याकरणाचा पुनर्विचार’ लिहून संस्कृतच्या साच्याबद्दल स्पष्ट शंका घेतल्या. इतके होऊनही शाळेत पोचला तो फक्त तक्ता, वाद बाहेरच राहिला. तक्ता तपासायला सोपा, एका गुणाचा प्रश्न काढायला सोपा, हे त्यामागचे कारण असावे. पुढे संस्कृत शिकणाऱ्याला तो थोडा उपयोगी पडतो हेही खरे.

‘शब्दसिद्धी’ प्रकरणाची स्थिती याहून वाईट आहे. तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषी असे चार डबे, आणि प्रत्येकाखाली याद्या. यांतला ‘देशी’ डबा म्हणजे ज्याचा पत्ता लागत नाही ते टाकायची जागा. स्पर्धा परीक्षांच्या एका मार्गदर्शकातली यादी मी शब्दशः तपासली. त्यात ‘चोर’ आणि ‘रोग’ हे देशी म्हणून दिले आहेत. दोन्ही संस्कृतात जसेच्या तसे आहेत. ‘आजार’ आणि ‘कंबर’ देशी म्हटले आहेत, ते फारसी. ‘पीठ’ संस्कृत ‘पिष्ट’पासून आलेले, ‘शेतकरी’तले शेत ‘क्षेत्र’पासून. या यादीवर प्रश्न विचारले जातात आणि मुले त्याची उत्तरे ‘बरोबर’ देतात! व्याख्या म्हणते की देशी म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले शब्द. त्या मूळ रहिवाशांचे एकही नाव प्रकरणात येत नाही. कानडी, तेलुगू, तमिळ यांच्या छोट्या याद्या असतात, पण २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी जी मातृभाषा सांगितली ती गोंडी मी पाहिलेल्या एकाही पुस्तकात सापडली नाही. कॉल्डवेलच्या १८५६ च्या द्राविड भाषांच्या तौलनिक व्याकरणात तिचा विचार आहे, १९०६ साली निघालेल्या भाषिक पाहणीच्या चौथ्या खंडात तिचे व्याकरण दिले आहे. म्हणजे साहित्य नव्हते असे म्हणता येत नाही.

पण यादीत गोंडीची पाच नावे घातली की काम झाले, असेही मला वाटत नाही. यादी हीच अडचण आहे. शब्द कोठून आला हे सांगणे म्हणजे तो कसा तयार झाला हे सांगणे नव्हे. एकच उदाहरण घेतो. धानोरा ही तहसील आहे. ‘तहसील’, ‘महसूल’ आणि ‘यात काय हशील?’ मधला ‘हशील’ हे तीन शब्द एकाशेजारी एक लिहा. तिन्हींत ह, स, ल ही व्यंजने त्याच क्रमाने दिसतील. अरबीत शब्द बनतात ते असे : तीन व्यंजनांचा सांगाडा, आणि त्याच्या मधल्या जागांत स्वर व पुढेमागे काही अक्षरे घालून साचे. मिळणे, गोळा होणे हा सांगाड्याचा अर्थ. गोळा करणे ते तहसील, गोळा झालेले ते महसूल, हाती आलेले ते हासील. तसेच ‘अंमल’ आणि ‘मामला’, मग त्यावरून अंमलदार आणि मामलेदार. आपण हे शब्द सुटे सुटे घेतले, त्यांचा साचा घेतला नाही. आता ‘तहसीलदारांकडून’ हा शब्द पाहा. तहसील अरबी साच्यातला, ‘दार’ फारसी, अनेकवचनाचे सामान्यरूप मराठी, त्यावर ‘कडून’, आणि त्या ‘कडून’मध्येही पुन्हा ‘कड’ आणि ‘ऊन’. चार भाषाव्यवहारांचे थर एका दाखल्याच्या अर्जावर! पुस्तक याला ‘परभाषी’ म्हणून पुढे जाते.

उधार शब्दाचे पुढे काय होते हे तर फारच मजेचे असते. अरबी ‘किताब’चे अनेकवचन अरबीत ‘कुतुब’. हाच शब्द स्वाहिलीत ‘किताबु’ झाला. स्वाहिलीत ‘कि’ने सुरू होणाऱ्या नामांचे अनेकवचन ‘वि’ने होते, म्हणून पुस्तके म्हणजे ‘विताबु’. परक्या शब्दाच्या पोटातले अक्षर त्यांनी आपला प्रत्यय समजून वेगळे काढले. आपणही ‘पेन्सिल’चे ‘पेन्सिली’ करतो, तिला स्त्रीलिंग देतो आणि ‘पेन्सिलीने’ लिहितो. इंग्रजाला विचारून हे केलेले नाही.

आणखी एक उणीव आहे. साधित शब्दांचे उपसर्गघटित, प्रत्ययघटित, अभ्यस्त आणि सामासिक असे प्रकार दिलेले असतात. मग ‘पडणे’वरून ‘पाडणे’, ‘मरणे’वरून ‘मारणे’, ‘तुटणे’वरून ‘तोडणे’ यांना कोठे बसवायचे? पुढे काही लागलेले नाही, मागेही नाही, आतला स्वर (आणि कधी व्यंजन) बदलला आहे. इंग्रजीत झाड ‘फॉल’ होते आणि माणूस झाड ‘फेल’ करतो, तोच प्रकार. गोंडीत ‘तिन्-’ म्हणजे खाणे आणि ‘तिह्-’ म्हणजे खायला घालणे. मुलांना या जोड्या जमवायला सांगितल्या तर तासाभरात फळा भरतो. अशा जोड्यांची यादी मला पुस्तकातून नाही, वर्गातून मिळाली.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले, ‘सर, हे सगळे ठीक आहे, पण पोरांना पेपर मराठीतच लिहायचा आहे ना?’ प्रश्न योग्य आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेच्या पुढाकाराने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू झाली. माध्यम कोणते असावे हा मोठा प्रश्न आहे, त्याचा निकाल व्याकरणाच्या लेखात लागायचा नाही. माझे म्हणणे मराठी माध्यमाच्या, मराठीच्या तासापुरते आहे. मुलाने ‘बैल आला’ असेच लिहावे हे मलाही हवे आहे. फक्त ‘बैल आली’ का झाले हे शिक्षकाला कळले तर त्याला एकाच चुकीवर वीस वेळा रेघ मारावी लागणार नाही. ‘तुझ्या वाताचे मराठीत तीन भाग होतात’ हे एकदाच सांगून पुढे तो, ती, ते यांचा सराव घेता येईल.

मी हे मागच्या वर्षी करून पाहिले. फळ्याचे तीन उभे भाग केले : पुस्तकातली मराठी, झाडीबोली, गोंडी. डावीकडे वाक्ये मी लिहिली, उरलेले दोन रकाने मुलांनी भरले. ‘मला भूक लागली’, ‘गावात पाणी नाही’, ‘झाडावर माकडे आहेत’, ‘बैल घरी आला’. मग प्रत्येक ओळीतल्या प्रत्ययाला खडूने गोल करायचा. झाडीबोलीचे गोल मराठीच्या गोलांच्या अगदी जवळ पडले. गोंडीत काही गोल सापडेनात, कारण मी जिथे शोधत होतो तिथे ते नव्हतेच, क्रियापदाच्या शेपटीला होते. ते एका मुलीने दाखवले. एरवी ती तासाला तोंड उघडत नसे. झाडाचे अनेकवचन मी ग्रंथात वाचून ‘मराक’ असे लिहिले होते. तिने डस्टर घेतले, माझा शब्द पुसला, तिच्या गावचे रूप लिहिले आणि मला ते तीनदा म्हणायला लावले. तिसऱ्यांदाही माझा उच्चार बरोबर आला नाही असे वर्गाचे मत पडले.